बिनबाह्यांचा काळा झगा

शुक्रवार, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटं. जमैकातल्या पोर्ट मारियाच्या नोंदणी कचेरीच्या फाटकावर व्हर्लिटा पिनॉक रांगेतल्या बायकांचे खांदे तपासत होती. अकरा वर्षं हेच काम. बिनबाह्यांचा कपडा दिसला की आत सोडायचं नाही. गेल्या महिन्यात तिनं एका बाळंतिणीला सोडलं, तर लेखी ताकीद हातात पडली. आणखी एक चूक, की हे फाटक सुटलं.

रांगेतून केरीन पुढे आली. अंगात बिनबाह्यांचा काळा झगा.

"जाऊ दे ना, ऑफिसर. आईचा दफनाचा दाखला न्यायचाय. रविवारी माती द्यायचीय आणि खिडकी अकराला बंद होते."

"बाह्या कुठायत?"

"सुतकाला हा एवढाच झगा आहे माझ्याकडे."

"समोर मिस आयोनी संत्री विकते. तिच्याकडे ब्लाउज मिळतो, घडीभर घालायला."

"ती आज आलीच नाही."

व्हर्लिटानं वळून पाहिलं. आयोनीचं फळकूट रिकामं होतं.

"आई मेली तिकडं, अन् ही निघाली नाचायला!" रांगेतली सिस्टर आयसिल्डा म्हणाली.

"मग तुमचं जाकीट द्या की तिला पाच मिनिटं," व्हर्लिटा म्हणाली.

"माझं? नको गं बाई! तेच घालून चर्चला उभं राहायचंय मला."

तेवढ्यात बेंबीपर्यंत बटणं उघडी टाकलेला एक गवंडी आत गेला. शर्टाला बाह्या होत्या.

"त्याची छाती चालते, अन् माझा खांदा नाही?" केरीन म्हणाली. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

दहा एक्केचाळीस. भिंतीवरची पाटी व्हर्लिटाला पाठ होती : बिनबाह्यांच्या कपड्यांतल्या स्त्रियांना प्रवेश नाही. कागदांबद्दल पाटी काही म्हणत नव्हती. पहाऱ्याची जागा सोडायची नाही, हा नियम वेगळा, आणि तोही तिला पाठ होता.

"दे ते कागद," ती म्हणाली.

आतल्या कारकुनानं अर्ज परत सरकवला. "अर्जदाराची सही कुठाय?"

ती धावत फाटकावर आली. केरीननं कागद भिंतीला टेकवून सही केली. व्हर्लिटा पुन्हा आत. चार मिनिटं राहिली असताना शिक्का पडला.

ती परतली, तेव्हा रांग थेट दारापर्यंत आत घुसली होती आणि फाटकात पहारेकऱ्यांचा मुकादम हायल्टन उभा होता. त्याच्या खांद्यावरून हात घालून तिनं आधी दाखला केरीनला दिला. केरीन आभार मानायलाही थांबली नाही, मिनीबसकडे धावली.

"फाटक कुणाच्या भरवशावर टाकलंस, पिनॉक?"

"बिनबाह्यांची एकही बाई आत गेली नाही, सर."

"ते नाही विचारलं मी."

हायल्टननं वही काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं. उद्या शनिवारी सकाळी सहापासून व्हर्लिटा पिनॉकची पाळी बस स्टँडच्या मागच्या दारावर आहे.