काही न मागणारे पाळकसाहेब

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना आधी सलाम करणं कुणालाच जमलं नाही. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणायची रीत, आणि तो लहानानं मोठ्याला आधी करायचा. पाळकसाहेबांनी ही रीत पार उलटी करून टाकली होती. रबाळ्याच्या रस्त्यावर त्यांची सायकल दिसली, की आपण तोंड उघडेपर्यंत त्यांचा "सलाम, बाई!" येऊन पोचलेला असायचा. माझे यजमान एकदा ईर्षेनं झाडाआड दडून उभे राहिले, तरी हरलेच. "सलामाला थोरला-धाकटा कळत नाही हो," असं म्हणत पाळकसाहेब हसत पुढे निघून गेले.

सत्तरच्या दशकात नगर-जालन्याकडची आमची माणसं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत कामाला आली आणि तिथंच आमची चर्चची मंडळी उभी राहिली. मंडळी म्हणजे काय, तर गावातल्या एका पाटलांची पत्र्याची शेड, जिच्यात पूर्वी भाताचा पेंढा ठेवत, चार सतरंज्या आणि पाळकसाहेब. रविवारी आम्ही नटूनथटून पोचेपर्यंत त्यांनी शेड झाडून सतरंज्या अंथरलेल्या असायच्या. पाटलांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते चक्रावलेच. "ओ बावा, तुमी कशाला झारता? मानसं नाय का तुमच्याकरं?"

"माणसं आहेत म्हणूनच झाडतोय," पाळकसाहेब म्हणाले. पाटलांना ते पटलं नसावं. पण पुढच्या महिन्यात त्यांनी शेडचा गळका पत्रा न सांगता बदलून दिला.

मंडळीचा कारभार पाहणारे आमचे पंच मात्र वेगळ्याच मातीचे. त्यांचे पुढारी महाप्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि मंडळीतही सुपरवायझरच असायचे. उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ नगरकरांनी वाचायचा की जालनेकरांनी, यावरून महाभारत व्हायचं. झाडू कुणी घ्यायचा, यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. नाताळानंतर सगळी मंडळी एकत्र जेवते, त्याला आमच्यात प्रीतिभोजन म्हणतात. त्या दिवशी पाळकसाहेब वाढायचे, शेवटच्या पंगतीनंतर उरेल ते खायचे आणि पातेलीही घासायचे. बसा म्हटलं तर म्हणत, "मेंढरं चरल्याशिवाय मेंढपाळानं शिदोरी सोडू नये." आम्ही मेंढरं निवांत चरत होतो. पुढंपुढं शेडमध्ये कुणाचं पोर ओकलं, तरी लोक जागचे न हलता म्हणायचे, "पाळकसाहेब आहेत की!" सेवा बघून माणसं सेवा शिकतात असं म्हणतात. मला तरी ती आळशी झालेलीच दिसली.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाळकसाहेब मंडळीचे पाय धुवायचे. कारखान्यात उभं राहून भेगाळलेले, केमिकलनं काळवंडलेले पाय ते एकेक करून मांडीवर घेत आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसून कोरड्या करत. एका वर्षी सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर माझ्या सासूबाई उठल्या. त्या जालन्याकडच्या, भीडभाड हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "तुमचे पाय म्या धुते."

"नको, आई. धुवायचं काम माझं." पाळकसाहेबांनी पाय चटकन मागं घेतले. इतक्या उकाड्यात त्यांच्या पायांत मोजे होते.

"प्रभूनं बी एका बाईकडून पाय धुवून घेतले व्हते. तुमी त्याच्यापरीस मोठे झाले का?"

पाळकसाहेब हसले, पण पाय धुवायची परात उचलून बाहेर निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नावड्याला एका घरी प्रार्थनेसाठी जाताना ते सायकलवरून कोसळले. दवाखान्यात मोजा कापून काढला तेव्हा कळलं, की मधुमेहाची जखम आतल्या आत चिघळून पाऊल काळं पडलं होतं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला. "मला शपथ घातली होती," त्यांच्या पत्नी, पाळकबाई, रडत सांगत होत्या. "म्हणाले, मंडळीला कशाला घोर." मला पाळकसाहेबांचा भयंकर राग आला. वर्षानुवर्षं आमचे पाय मांडीवर घेणाऱ्या माणसानं स्वतःचा पाय आमच्यापासून लपवून ठेवला होता.

घरी आल्यावर तर कहरच झाला. आम्ही डबे पाठवायचो, ते "उगीच त्रास" म्हणून परत यायचे. उठवायला कुणी आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावायचे आणि मग एकटेच भिंतीला धरून उठायचे. तसे एकदा पडले आणि टाके उसवले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पडलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. हे ऐकून सासूबाई तडक त्यांच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते.

"पोरं दाराशी येतात अन् तुमी माघारी धाडता," त्यांनी सुरुवातच केली. "आमाला सेवा शिकिवली, ती करायची कुनाची मंग?"

पाळकसाहेबांनी पांघरूण पायावर ओढून घेतलं. मग म्हणाले, "आई, देताना माणूस उभा असतो. घेताना आडवं पडावं लागतं. ते मला जमत नाही."

"मंग शिका. आमी न्हाई का शिकलो, तुमच्यापुढं पाय करायला?"

आणि पांघरूण सारून त्या जखमेवरची पट्टी सोडायला लागल्या. पाळकसाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते, पण पाय त्यांनी तसाच राहू दिला. त्या दिवसापासून डबे परत येणं थांबलं.

पुढे ते वर्षभरच आमच्यात राहिले. त्यांच्या दफनाला नगर-जालन्याहून माणसं आली होती, पाटीलही आले होते, भाषणं झाली. ती मी विसरले. पण ते बरे होऊन उपासनेला परत आले तो रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या दिवशी सुपरवायझरसाहेबांनी आणि तिघा जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणलं. शेड आम्हीच झाडली होती, आणि कोपऱ्यांत कचरा तसाच राहिला होता. पाळकसाहेबांची नजर तिकडे गेली, पण ते काही बोलले नाहीत. बसूनच उपदेश करू लागले. मध्येच त्यांना ठसका लागला. मागं तिपाईवर पाण्याचा तांब्या होता. सवयीनं त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धवट उठले, आणि थांबले. पुन्हा टेकून बसले. आमच्याकडे बघत लाजल्यासारखे म्हणाले, "मला जरा पाणी द्याल का कुणी?"

सगळी शेड उठून उभी राहिली. सुपरवायझरसाहेब सगळ्यांच्या आधी पोचले. त्यांनी पेला भरला, पण घाईत अर्धं पाणी पाळकसाहेबांच्या सदऱ्यावर सांडलं. पाळकसाहेबांनी उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं आणि रिकामा पेला पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"अजून थोडं द्या."