आक्काच्या आभाळातला काळा पट्टा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिची साडी घेऊन इस्त्रीवाल्याच्या टपरीवर उभी होते. दवाखान्यातून घरी येताना तिला चुरगळलेलं काही चालणार नाही म्हणून. फोनवर हे होते, माझे यजमान, तिचे धाकटे भाऊ. "शोभा, आक्का गेली," एवढंच म्हणाले. इस्त्रीवाल्याने विचारलं, "अर्जंट है क्या?" मी "नाही" म्हटलं आणि साडी तिथेच ठेवून घरी आले... त्याला दोन-अडीच महिने झाले, पण जिवाला स्वस्थता अशी नाही. उन्हं कलली की मी पायात चपला घालून घरभर फिरते, गॅस बंद आहे का ते बघते, पुन्हा बघते. मी घरी साड्यांना स्टोन चिकटवायचं काम घेते. परवा एका अख्ख्या पदरावर स्टोन उलटे लावून बसले. हे नुसतं दुःख असतं तर रडून मोकळी झाले असते. पण यात एक फोटो आहे, आणि आक्काने मला घातलेली एक गळ आहे, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

आक्का माझी थोरली नणंद. तोंडावर मी तिला कायम तुम्ही म्हटलं, मनात कायम ती. सुरतेत उधन्याच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायची, लग्न केलं नाही, बमरोलीत आमच्याच घरात राहिली. एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं. जेवताना उठून मीठ आणायची, मग लिंबू, मग आपण कशाला उठलो तेच विचारायची आणि हसायची. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता देवधर्म करेल. तर बाईंनी कॅमेरा घेतला, आणि कॅमेऱ्यापाठोपाठ एक बुटकी, फुगीर डोळ्याची वाइड लेन्स. संध्याकाळी डुमसच्या किनाऱ्यावर बाईमाणसाने एकटीने जायचं कसं, असं यांचं म्हणणं पडलं. झालं, राखणदार म्हणून माझी नेमणूक. मी भिजवलेली डाळ, अर्धवट साड्या, सगळं टाकून तिच्या मागे रिक्षात बसायची आणि वाटेत कुरकुरायची. ती खिडकीबाहेर आभाळ बघत असायची. माझं काही ऐकलंय असं कधी वाटलं नाही.

ती लेन्स म्हणजे अधाशी प्रकरण. समोरचं तर घ्यायचीच, पण बाजूचं, पायाखालचं, डोक्यावरचं सगळं ओढून आत घ्यायची. मी दहा हात लांब उभी असले तरी आक्का आमच्या अहिराणीत ओरडायची, "शोभा, मांगे सरक व! तुना पाय फोटोम्हा उनात!" पाय फोटोत आलेत म्हटल्यावर मी आणखी मागे. तरी माझी सावली आत. शेवटी मी तिच्या पाठीशीच उभी राहायला शिकले आणि तिथूनच हे फिल्टरचं शास्त्र माझ्या कानावर पडत गेलं. एक अर्धी काळी, अर्धी स्वच्छ अशी चौकोनी काच. ती वरखाली सरकवून आभाळाचा उजेड दाबायचा. ती धरायची चौकट जाड असली तर या लेन्समध्ये चौकटीचेच कोपरे काळे येतात, म्हणून तिने पातळ चौकट शोधण्यात आमचं डोकं उठवलं होतं. आणि एक गोल पोलरायझर, लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणारी काच. तो फिरवला की पाण्यावरची चमक जाते, खालची वाळू दिसते आणि आभाळ गर्द निळं होतं. "मग लावूनच ठेवा ना कायमचा," मी एकदा म्हटलं. त्यावर मला रस्ताभर शिकवणी मिळाली. साध्या लेन्समध्ये आभाळाचा तुकडा येतो, तो सगळा सारखा गर्द होतो. वाइड लेन्समध्ये आभाळ एवढं मोठं येतं की पोलरायझर त्याचा एकच भाग काळवंडतो, बाजूचा फिकाच राहतो. सूर्य कडेला असला की मधोमध उभा काळा पट्टा. फोटोत पायाजवळची ओली वाळू घ्यायची तर पोलरायझर लावा, आभाळ घ्यायचं तर आधी तो उतरवा. हा तिचा नियम, आणि नियम म्हणजे नियम.

सुरतेतल्या हौशी फोटोवाल्यांचा एक गट होता, त्यात ती जायची. गटाचे हसमुखभाई तिला टीचरबेन म्हणायचे. कोणाचाही फोटो भिंतीवर लागला की आक्का लांबूनच म्हणायची, "याने पोलरायझर काढला नाही." अगदी शाळेत गृहपाठ तपासल्यासारखं. लोक हसायचे, पण तिला टरकून असायचे. चुका न करणारी बाई अशी तिची ख्याती होती आणि खोटं कशाला बोला, तिला ती आवडायची.

आमची शेवटची डुमसची फेरी पावसाळा सरल्यावरची. भजीवाल्यांच्या गर्दीपासून लांब, तापी समुद्राला मिळते त्या अंगाला आम्ही गेलो. तापीवर तिचा फार जीव. आमच्या खानदेशातून निघून आमच्यासारखीच सुरतेला आलेली, असं म्हणायची. आधी तिने वाकून ओल्या काळ्या वाळूचे फोटो काढले, पोलरायझर लावून. मग एकदम ढग फाटले आणि नदीवर असं ऊन पडलं की मीसुद्धा कुरकुर विसरले. आक्का कॅमेऱ्याची तिवई उचलून धावली, उभी केली आणि फोटो काढत सुटली. इतकी खुशीत मी तिला किती दिवसांत पाहिली नव्हती. परतताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता. असं ती कधी करत नसे.

घरी येऊन तिने फोटो कॉम्प्युटरवर लावला. मी चहा घेऊन गेले तर ती नुसती बघत बसलेली. नदी सुरेख, ऊन सुरेख, आणि आभाळात मधोमध काळा पट्टा. "मी इसरी गऊ," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "होतं हो आक्का, घाईत काढायचं राहतं." तर तिने माझ्याकडे बघितलं. गेले काही दिवस ती गॅस विसरत होती, शेजारणीचं नाव विसरत होती, ते आम्ही दोघी वयावर ढकलत होतो. ते सगळं त्या पट्ट्यात तिला दिसलं असावं. म्हणाली, "शोभा, कोनले सांगू नको."

तिचं विसरणं मी दुसऱ्याच दिवशी यांच्या कानावर घातलं. ती गोष्ट लपवायची नव्हतीच. डॉक्टरांना मेंदूत गाठ सापडली आणि मग सगळं फार भराभर झालं... फोटोबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही.

आक्का गेल्यावर महिन्याने हसमुखभाई घरी आले. गटाच्या प्रदर्शनात टीचरबेनचा एक फोटो लावायचा होता. यांनी कॉम्प्युटर उघडून दिला, त्यांनी नेमका तोच निवडला. मला म्हणाले, "भाभी, आ आकाशमां डाघ छे, काढी नाखीए? पाच मिनिटनुं काम." हे म्हणाले, काढा की. मीही मान हलवली. आक्काची लाज झाकली जाईल, तिचं म्हणणं राखलं जाईल, यापेक्षा चांगलं काय? पण ते गेल्यापासून माझी तगमग सुरू झाली. झाकलं तर तिचा शब्द राहतो. पण त्या संध्याकाळी आक्का पोलरायझर विसरेल इतकी आनंदात होती, किंवा विसरेल इतकी आजारी होती, किंवा दोन्ही होतं. ते पुसून टाकून मग उरलं काय? एखाद्या कॅलेंडरवरची नदी.

प्रदर्शनात मी त्या फोटोसमोर उभी राहिले. आभाळ एकसारखं निळं, धुऊन वाळत घातल्यासारखं. एक मुलगी हसमुखभाईंना विचारत होती, काठाच्या पाण्यात खालची वाळू दिसतेय, म्हणजे पोलरायझर आहे, मग एवढ्या वाइड लेन्सवर आकाश असं सारखं कसं आलं? ते अभिमानाने म्हणाले, "टीचरबेन कदी भूल नहोता करता."

"केली होती!" मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले. "काढायला विसरली होती ती. डोक्यात गाठ होती, आणि ऊन फार सुंदर होतं. मी तिथेच होते." सगळे वळून बघायला लागले. यांनी माझं कोपर धरलं. मी रडत होते आणि मला त्याची शरमही वाटत नव्हती. हसमुखभाईंनी तो फोटो स्वतःच्या हातांनी भिंतीवरून उतरवला. दुसऱ्या दिवशी तिथे खरा फोटो लागला, पट्ट्यासकट. कोणी थांबून बघत, कोणी नाक मुरडत. आक्काने मात्र मला कधी माफ केलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. तिचा शब्द मोडला, आणि आता इथे लिहून पुन्हा मोडते आहे.

परवा यांनी तिची कॅमेऱ्याची बॅग पहिल्यांदा उघडली. लेन्सवर पोलरायझर तसाच होता. आट्यांमध्ये डुमसची वाळू जाऊन घट्ट बसला होता. यांनी कापडाने धरून फिरवला, मग पकड यावी म्हणून माझे भांड्यांचे रबरी हातमोजे मागितले. मी ते दिले नाहीत.

"आभाय बिघडी जाई ना व," हे म्हणाले.

"बिघडू द्या," मी म्हटलं. "आक्काच्या हातांनी लावलेलं ते शेवटचं."