एक जादा दोरी

गव्हाणे गेल्याचं मला त्यांच्या मुलानं, राजेंद्रनं, फोनवर सांगितलं. त्याच फोनवर, पुढच्याच वाक्यात, त्यानं मला फ्लेक्सचा मजकूर वाचून दाखवला. "काका, शुद्धलेखन तेवढं बघा," म्हणाला. यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. विश्रांतवाडीत माणूस गेला की डॉक्टरच्या दाखल्याइतकीच फ्लेक्सची घाई असते, आणि नारायण पेठेत वाचनालय चालवणाऱ्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घ कळतं अशी राजेंद्रची समजूत असल्यामुळे त्या भागातले वाढदिवस, निवडी आणि दुःखद निधनं बरीच वर्षं माझ्या नजरेखालून जात आली आहेत. मजकुरात त्याचे वडील एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या छातीत धडकी भरवत होते, आकाशातून आग ओकत होते आणि शेवटी अनंतात विलीन होत होते. मी म्हणालो, "नाव ठेव. सार्जंट ठेव. बाकी काढ."

"एवढंच?"

"एवढंच."

"काका, बॉम्बर विमानावर होते वडील माझे." त्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. अडचण निराळीच होती, आणि ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती...

विठ्ठल गव्हाणे हवाई दलातून निवृत्त होऊन आले, त्यानंतर काही महिन्यांनी ते पहिल्यांदा माझ्या वाचनालयात आले. विश्रांतवाडीहून बसनं नारायण पेठेत यायचं आणि पुस्तक बदलून किंवा त्याची मुदत वाढवून पुन्हा बसनं परत जायचं, ही उठाठेव ते दर गुरुवारी करत. पहिल्या दिवशी त्यांनी लेखकाचं नाव विचारलं नाही, नवीन काय आहे तेही विचारलं नाही. "मालक, बॉम्ब टाकायच्या मोठ्या विमानांवर काय हाय?" एवढंच म्हणाले. माझ्याकडे महायुद्धावरची इंग्रजी पुस्तकं बरीच होती. एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्यांनी ती जागा अडवतात म्हणून मला दिली होती. गव्हाण्यांचं इंग्रजी बेतास बात होतं. ते शब्दकोश घेऊन बसत आणि एकेक पुस्तक दोन-दोन महिने पुरवत.

त्या पुस्तकांचा साचा ठरलेला असतो. एखादं अवजड विमान घ्यायचं, ते कुठल्या कारखान्यात बनलं तिथपासून सुरुवात करायची, त्यावर कोण कोण वैमानिक, कोण तोफची, कोण नकाशेवाला, कुठल्या रात्री कुठे गेलं, पंखाला कुठे भोक पडलं, आणि शेवटी ते कुणाच्या बटाट्याच्या शेतात आदळलं किंवा भंगारात गेलं. मला हा प्रकार आवडतो. विमानाचं चरित्र लिहिणारे लोक माणसांची चरित्रं लिहिणाऱ्यांपेक्षा बरे. निदान नायकाच्या जन्मस्थळाला पावन भूमी म्हणत नाहीत. गव्हाणे मात्र पुस्तक परत करताना दर वेळी मान हलवत. "न्हाई सापडलं."

"काय शोधताय?"

"बघू. दुसरं द्या."

हे कितीतरी वर्षं चाललं. त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं. घर आळंदी रस्त्याच्या बाजूच्या एका गावात, जे आता गाव राहिलेलं नाही. वडील शेती करत, मोसमात बैलगाडीनं माल बाजारात आणत. गव्हाणे हवाई दलात भरती झाले ते सामान चढवणारे-उतरवणारे म्हणून. चार पंख्यांचं रशियन मालवाहू विमान. पोटात रेशन, तंबू, जीप, कधी खेचरं. त्यांचं काम सगळं नीट बांधायचं. विमानात सैल सुटलेलं खोकं भिंत फोडू शकतं, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला माणसं असतात. "आपल्या हातची गाठ कधी सुटली न्हाई," असं ते एकदाच म्हणाले होते. तेव्हा मला ती बढाई वाटली होती.

एकाहत्तर साली याच मालवाहू विमानांना बॉम्बफेकीच्या कामाला लावलं. ही गोष्ट सैनिकी इतिहासात सापडते, पण एका परिच्छेदात आणि जरा कौतुकानं, जुगाड या सदरात. बॉम्ब लाकडी फळ्यांवर चढवायचे, फळ्या विमानाच्या पोटात बसवलेल्या रुळांवर ठेवायच्या, लक्ष्यावर पोहोचलं की मागचं दार उघडायचं, वैमानिकानं नाक जरा वर करायचं आणि माणसांनी ढकलायचं. गोण्या उतरवतात तसं. मागच्या भागात थंडी हाडात जाणारी, तोंडाला प्राणवायूचा मुखवटा, हातात जाड मोजे, आणि कानात पुढे बसलेल्या नकाशेवाल्याचा आवाज: आता. त्या 'आता'च्या आधी सगळे पट्टे सोडलेले असले पाहिजेत.

एका सव्वीस जानेवारीला राजेंद्रनं वडिलांचा सत्कार ठरवला. मंगल कार्यालय, फेटा, शाल, नारळ, आणि पाठीमागे पुठ्ठ्याचं लढाऊ विमान. वक्त्यानं त्यांना परस्पर वैमानिक करून टाकलं. व्यासपीठावरून उतरताना गव्हाणे माझ्या कानाशी म्हणाले, "मालक, ते मागचं विमान आपलं न्हाई. आपलं म्हशीसारखं होतं." मला हसू आलं. त्यांना आलं नाही. "चला, चहा पिऊ," म्हणाले. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला, त्याच्याकडे न बघता बशी पुढे ओढली आणि सांगायला लागले.

एका रात्री उड्डाणाच्या आधी त्यांना सगळ्यात आतली फळी डुगडुगते आहे असं वाटलं. पट्टे होते, ते पुरेसे होते, मोजूनच लावलेले होते. पण हात स्वस्थ बसेना. वडील गाडी भरल्यावर एक दोरी जादा मारत, वाटेत ओढा लागतो म्हणून. गव्हाण्यांनी जादा दोरी मारली, पक्की गाठ. मग दार उघडलं, पट्टे सुटले, 'आता' आलं, दाराकडच्या फळ्या एकामागून एक काळोखात गेल्या... आणि शेवटची हलेना. विमानाचं नाक वर झाल्यामुळे तिचा सगळा भार त्या दोरीवर येऊन गाठ आवळली गेली होती. मोजे काढले तरी बोटं चालेनात. चाकू सापडून दोरी कापेपर्यंत कानातला आवाज 'थांबा, थांबा' म्हणायला लागला होता, पण सुटलेली फळी रुळांवर निघाली होती, आणि उघड्या दाराकडे निघालेलं तसलं ओझं माणसाला अडवता येत नाही.

"मी अडवायला गेलो होतो," गव्हाणे म्हणाले. "जोडीदारानं कमरेच्या पट्ट्याला धरून मागं ओढला. न्हाईतर मी पण गेलो असतो. बरं झालं असतं की न्हाई, ते अजून ठरलं न्हाई."

परत आल्यावर त्यांनी नकाशेवाल्याला विचारलं, शेवटची कुठं पडली असेल. त्यानं नकाशावर बोट टेकवलं. मग नकाशा घडी करून ठेवला. म्हणाला, काळजी करू नको, गाव नाही तिथं, नुसती शेतं आहेत.

मी, पुस्तकं वाचलेला माणूस, तेच म्हणालो. "शेतं होती ना. तीही मध्यरात्री. तिथं कोण असणार?"

गव्हाण्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता नजरेत, कंटाळा होता. हेच वाक्य आधी बऱ्याच जणांकडून ऐकलेल्या माणसाचा कंटाळा.

"मालक, डिसेंबर म्हणजे गहू असतो. गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीची पण येते. आमचा बाप उभा असायचा की कंदील घेऊन, आणि थंडी वाजती म्हणून आई सोबतीला. तिकडं पण कालवेच हायेत. तिकडं पण पाळ्याच असत्याल."

चहा निवला. अमृततुल्यवाल्यानं दोनदा पुसलेलं टेबल तिसऱ्यांदा पुसलं. पुण्यात याचा अर्थ उठा असा होतो. आम्ही उठलो नाही.

विमानाच्या कॅप्टननं काही लपवलं नव्हतं. शेवटचा भार उशिरा पडला असं त्यानं अहवालात लिहिलं. आता चौकशी होईल, बोलावणं येईल, म्हणून गव्हाणे रोज दाढी करून, इस्त्रीचा गणवेश घालून तयार राहत. बोलावणं आलं नाही. थोड्याच दिवसांत युद्ध संपलं. सगळ्यांना मिळालं ते पदक त्यांनाही मिळालं. कॅप्टननं पाठीवर हात ठेवून सांगितलं, विसरून जा, काळजीपोटीच बांधली होतीस ना.

"तिथंच अडकलं बघा," गव्हाणे म्हणाले. "आळसानं चूक झाली असती तर शिक्षा मागून घेतली असती, मोकळा झालो असतो. ही काळजीनं झाली. आता काळजी कुठं नेऊन टाकू?"

मग मला कळलं की ते माझ्या वाचनालयात काय शोधत होते. इतक्या विमानांची, इतक्या रात्रींची पुस्तकं. त्यांत कुणीतरी, एकानं तरी, असं लिहिलेलं असेल की आमचा एक बॉम्ब चुकीच्या जागी पडला आणि त्याचं मी असं असं केलं. चुकल्याचं लिहिलेलं त्यांना पुष्कळ ठिकाणी सापडलं. पुढचं कुठेच नव्हतं. पुढच्या प्रकरणात विमान दुसऱ्या मोहिमेवर निघालेलं असे.

वर्षं गेली तसे त्या विमानावरचे बाकीचे एकेक करून गेले. कोण जालंधरला, कोण कोट्टायमला; बातमी कळायची ती बहुतेक उशिरा. कॅप्टन गेल्याचं कळलं त्या गुरुवारी गव्हाणे आले, पुस्तक बदललं नाही, नुसतेच बसून राहिले. जाताना म्हणाले, "आता मी एकटाच. मी गेलो की ते शेत कुणाच्या डोक्यात राहायचं न्हाई."

शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरी. पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. वहिनी पाणी ठेवून आत गेल्यावर त्यांनी विषय काढला.

"मी गेल्यावर तुम्ही लिहा. पोरगं फ्लेक्स लावंल, लावू द्या. पण कुठंतरी एकदा ते शेत आलं पाहिजे. न्हाई आलं तर मग काहीच लिहू नका."

"अहो, मी पुस्तकं देतो-घेतो. लिहीत नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगतो," ते म्हणाले. "लिहिणारे सजवत्यात."

तेराव्यानंतर मी राजेंद्रला हे सगळं सांगितलं. चौकाला वडिलांचं नाव देण्यासाठी त्याची धावपळ चालली होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याचे कान लाल झाले. "काका, तुम्ही छापणार, की माझ्या वडिलांनी शेतकरी मारला?"

"मारला की नाही, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेवढंच छापणार."

"मग माहीत नसलेलं छापायचंच कशाला? लोक काय म्हणतील? त्या माणसानं देशासाठी जीव धोक्यात घातला, आणि तुम्ही दोरीवर आलात."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्याकडे फक्त एका मेलेल्या माणसाची अट होती. मी उठणार तेवढ्यात वहिनी बोलल्या. इतका वेळ त्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"शेताचं मला ठाऊक न्हवतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला कधी बोलले न्हाईत. दोरीचं मात्र लग्न झाल्यापासनं बघते. घरात पक्की गाठ चालायची न्हाई. मी पोतं बांधलं, गादी बांधली, माहेरी न्यायचं बोचकं बांधलं, की हे यायचे, सोडायचे, आणि सुरगाठ मारायचे. एक टोक वढलं की सुटली पाहिजे अशी. मी म्हणायची, मिलिटरीची शिस्त दिसते. इचारलं तर म्हणायचे, येळेवर सुटलं पाहिजे."

राजेंद्र आईकडे बघत राहिला.

"म्हणून त्या दिवशी तिरडी बांधताना मी सांगितलं, सुरगाठी मारा. सगळे म्हणले, बाईला काही सुचत न्हाई."

"मी पण म्हणालो," राजेंद्र म्हणाला. खूप हळू. मी त्या दिवशी स्मशानात होतो. दोऱ्या कापायला कुणीतरी पातं पुढे केलं होतं आणि ते लागलं नव्हतं. राजेंद्रनंच टोकं ओढली होती. त्याला ते आत्ता आठवत होतं, त्याचे हात मांडीवर तसे उघडे पडले होते.

"लिहा," तो म्हणाला. चौकाचं काय ते बोलला नाही, मीही विचारलं नाही.

वहिनी मला पोचवायला स्वयंपाकघराच्या बाजूनं मागच्या दाराशी आल्या. तिथं भिंतीला लागून गव्हाचं एक पोतं उभं होतं, वर्षाचं भरलेलं, तोंडाशी सुतळीची सुरगाठ. एक टोक बाहेर लोंबत होतं. उन्हाळ्यात गव्हाण्यांनी स्वतः पाखडून, भरून बांधला होता गहू, वहिनींनी सांगितलं. त्या सध्या दुकानातून तयार पीठ आणतात.