बरणीतले आप्पा

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग हळूच मागे वळून बघतो आणि मग विषय बदलतो. पण आता तुम्ही चहा घेतलाच आहे, तर ऐका. माझ्यासारखा गाढवपणा जोगेश्वरीत दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

तर झालं असं, की मला मेणबत्त्या बनवायचा नाद लागला. हसू नका. याआधी मी साबण केला होता, त्याला फेस आला नाही. पाव केला होता, तो कापायला सुरी वाकली. भिंतीवर फळी ठोकली, ती त्याच दिवशी खाली आली. माझ्या हाताला यश नाही हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, एक मी सोडून.

अंधेरीला एका हॉलमध्ये मेणबत्त्यांची कार्यशाळा होती, तिथे गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, सुती वात सगळेच घालतात, तुम्ही लाकडी वात घालून बघा. लाकडाची पातळ पट्टी मेणात उभी करायची. ती जळताना मंद वाजते, शेकोटीजवळ बसल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडलं. पण विकतच्या पट्ट्या आल्या त्या मोडून आल्या. मग मी म्हटलं, लाकूडच ना? आपल्या माळ्यावर आहे की.

माळ्यावर गावाहून आलेली आंब्याची जुनी पेटी होती. आई त्यात कांदे ठेवायची. पेटीची एक फळी काढली, कटरने पातळ पट्ट्या केल्या, खोबरेलात बुडवून ठेवल्या आणि सोया मेणात उभ्या केल्या. आता दुकानातलं लाकूड असतं नीट सुकवलेलं, निवडलेलं. आंब्याच्या पेटीचं लाकूड कुठलं, कुणी तोडलं, कधी सुकलं, काही पत्ता नाही. त्यामुळे माझी वात मंद वगैरे वाजली नाही. ती कटकन वाजली. मग जरा थांबून पुन्हा कटकन. अगदी कुणी बोटं मोडावीत तशी.

आणि इथेच सगळी वाट लागली. कारण आमच्या घरात बोटं मोडायचे ते आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. गिरणीत होते. संध्याकाळी हॉलमधल्या लोखंडी खुर्चीत बसायचे आणि एकेक बोट सावकाश मोडायचे. बोलायचे कमी. आई काहीही विचारो, उत्तर म्हणून एक बोट मोडायचे आणि तिला ते कळायचं. त्यांना जाऊन आठ-नऊ महिने झाले होते. खुर्ची तशीच होती. त्यात कुणी बसत नव्हतं, आणि बसू नका असं कुणी म्हटलेलंही नव्हतं.

आप्पा गेल्यापासून आईचं खाणं तुटलं होतं. अर्धी भाकरी, तीही आम्ही बघत असलो तर. डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढू द्यायची नाही. दिवसभर खिडकीशी बसायची.

मेणबत्त्यांना तिची घरात बंदी होती, कारण मी दूध तापवायच्या पातेल्यात मेण वितळवलं होतं. म्हणून पहिली चाचणी मी चोरून केली. लोणच्याच्या तपकिरी बरणीत मेण ओतलं होतं. बरणी आप्पांच्या खुर्चीमागे लादीवर ठेवली, वात पेटवली, आणि तेवढ्यात वॉचमनने कुरियर आलंय म्हणून हाक मारली. खाली गेलो.

वर आलो तर तिन्हीसांज झाली होती. हॉलमध्ये ट्यूब लावलेली नव्हती. देव्हाऱ्यातलं निरांजन तेवढं जळत होतं. आणि आई खुर्चीसमोर जमिनीवर बसली होती, हात जोडून.

"दार हळू लाव," ती म्हणाली. "ह्ये इलेत."

मी दाराशीच थांबलो. खुर्ची रिकामी होती. आणि त्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला, कट्. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं बोट. कट्.

देवाशपथ सांगतो, मेणबत्ती मीच लावली होती. पण बरणी, वात, पेटी, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. मी चप्पल काढायचं विसरून तिथेच खाली बसलो आणि मीही हात जोडले. बरणी आठवायला चांगला वेळ गेला, आणि आठवल्यावरही मान वळवून खुर्चीमागे बघायची हिंमत झाली नाही.

तुम्ही म्हणाल, त्याच वेळी खरं का नाही सांगितलं? सांगणार होतो. पण त्या रात्री आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या. बांगडा मागून घेतला. आप्पांना शेपटीकडचा तुकडा आवडायचा, असं म्हणत तो बाजूला काढला आणि मग स्वतःच खाल्ला. माझी बायको सुप्रिया माझ्याकडे बघत होती. तिला मी स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ती मूळची नाशिकची, सरळ बोलणारी. ती म्हणाली, "तू जे केलंस ते भयंकर आहे. उद्याही लाव."

मग रोज लावली. दिवेलागणीला आई देवाला दिवा लावायची आणि मी तिच्या पाठीमागे बरणी पेटवायचो. ट्यूब लावायची नाही असं आईनेच ठरवलं. ती खुर्चीसमोर बसून दिवसभराचं सांगायची. राणेकाकूंच्या सुनेचं काय झालं, नळाला पाणी किती वेळ आलं, माझं पोट कसं सुटत चाललंय. मधे मधे कट् व्हायचं. ती थांबायची, मान डोलवायची, पुढे बोलायची. एखाद्या वेळी वाजलं नाही तर म्हणायची, ह्यांका पटला नाय.

मी बाजूला बसायचो. आणि खरं सांगू? अंधारात त्या खुर्चीकडे बघत बसलं की थोड्या वेळाने तिथे बनियनमधला माणूस दिसायला लागतो. मला दिसायला लागला. सुप्रियाने तर हॉलमधून जाताना खुर्चीला वळसा घालायला सुरुवात केली. आम्हाला दोघांना माहीत होतं की मागे बरणी आहे. तरीही.

मग किल्लीचं झालं. गावच्या घराची किल्ली आप्पा गेल्यापासून सापडत नव्हती. आईने एका संध्याकाळी विचारलं, "चावी खय ठेवलास? कपाटात?" काही नाही. "ट्रंकेत?" काही नाही. "गणपतीच्या फोटोमागे?"

कट्.

मी उठलो. स्टुलावर चढून फोटो पुढे ओढला आणि मागून किल्ली खाली पडली. लादीवर तिचा आवाज झाला तेव्हा सुप्रिया दारातून ओरडली नाही, नुसती खाली बसली. आता ही किल्ली तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. सुप्रियाला नव्हतं. आंब्याच्या पेटीला तर नव्हतंच नव्हतं. योगायोग असणार. मी अजूनही स्वतःला तेच सांगतो, विशेषतः घरी एकटा असलो की.

आईने किल्ली पदराला बांधली आणि म्हणाली की ह्यांची इच्छा आहे, आता ती गावी जाऊन राहणार. एकटी.

आई चौऱ्याहत्तरची. डोळ्यांना नीट दिसत नाही, बीपी आहे. गावचं घर वर्ष-दीड वर्ष बंद. शेजारी चुलत भाऊ आहे, पण तो दिवसभर बागेत. विहिरीशी पाय घसरला तर कळायला संध्याकाळ होईल. मी समजावलं, सुप्रियाने समजावलं. आई म्हणाली, तुमच्या बोलण्याने ठरायचं नाही, कौल लावूया.

कौल म्हणजे आमच्या गावात काहीही करायचं झालं की देवाला गाऱ्हाणं घालतात आणि पाषाणाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या-पाकळ्या, लावून विचारतात. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आईने ठरवलं की गाऱ्हाणं थोरल्या मुलाने, म्हणजे मी घालायचं, आणि आप्पांनी बोट मोडलं की ती निघणार.

आता माझी अक्कल बघा. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. बोट मोडलं तर जाणार ना? मग मोडायचंच नाही. दुपारी आई झोपली होती तेव्हा मी बरणीतलं मेण उकरलं, लाकडी पट्टी उपटली आणि साधी सुती वात घातली. सुती वात वाजत नाही. मेली तरी वाजत नाही. कौल माझ्या खिशात होता.

संध्याकाळी आई नवीन लुगडं नेसली. खुर्चीसमोर नारळ, पानविडा. मी बरणी पेटवून पुढे येऊन उभा राहिलो. मागे सुप्रिया, तिने नुसतं हो म्हणायचं होतं. आणि मी, अंधेरीच्या विमा ऑफिसातला असिस्टंट मॅनेजर, लोणच्याच्या बरणीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागलो.

"बा म्हाराजा, आज तुमची बायल तुमच्यासमोर उभी रवली हा..."

"व्हय म्हाराजा," सुप्रिया मागून. नाशिकच्या उच्चारात.

"तिका गावच्या घरात जावन रवाची इच्छा झाली हा..."

"व्हय म्हाराजा."

"तुमची परवानगी आसात तर बोट मोडून सांगा म्हाराजा."

मग आम्ही थांबलो.

इतके दिवस मी त्या आवाजाला घाबरत होतो. त्या संध्याकाळी मला कळलं की तो आवाज नसणं किती वाईट असतं. काहीच आलं नाही. फ्रिजसुद्धा बंद पडल्यासारखा गप्प होता. आईने पुन्हा विचारलं, अगदी हलक्या आवाजात, मग तिसऱ्यांदा. खुर्चीत आता कुणी दिसत नव्हतं. मी डोळे ताणून बघितलं तरी नुसतं लोखंड आणि नायलॉनची पट्टी. मला रडू फुटेल असं वाटलं. स्मशानातून परत आलो त्या दिवशीही आप्पा असे गेले नव्हते, जसे त्या संध्याकाळी गेले. आणि त्यांना घालवलं होतं मी, माझ्या हातांनी, दुपारी सुती साडीच्या चिंधीची वात वळून.

आई उठली, ट्यूब लावली आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

"बॅग काढ," ती म्हणाली. "ते फुडे गेले. घर उघडूक गेले असतले. आता मी हय रवान काय करू?"

मी म्हटलं, "अगं पण कौल नाही मिळाला!"

ती म्हणाली, जो माणूस इथे नाहीच तो बोट कसं मोडणार?

मग मात्र मी सगळं कबूल केलं. बरणी आणून तिच्या हातात दिली. आधीची जळकी पट्टी दाखवली, पेटीची तुटलेली फळी दाखवली, दोन्ही वाती समजावून सांगितल्या. म्हटलं, आई, ते आप्पा नव्हते, ही मेणबत्ती होती, आणि ती मी बनवली.

आईने बरणी हातात फिरवली, हुंगली, आणि मला परत दिली. साबणाचं काय झालं, पावाचं काय झालं, फळी कुठे आहे, हे तिने एकेक करून विचारलं. मग म्हणाली, "तुझ्या हातची वस्तू इतके दिस चालली? खोटा तरी नीट बोल."

सुप्रियाकडे बघितलं साक्षीसाठी. ती म्हणाली, आईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

काय करता? मी स्वतः पोचवायला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र आधी करून घेतलं, तेवढी एक अट तिने ऐकली. चुलत भावाच्या बायकोला रोज सकाळ-संध्याकाळ डोकावायला सांगितलं. आईने घर उघडलं, चूल पेटवली, आणि पेटवल्याबरोबर चुलीतलं लाकूड असं काही कडाडलं की तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

जोगेश्वरीला परत आलो. पहिले काही दिवस रोज फोन करायचो. एका संध्याकाळी फोन लागेना, गावचं नेटवर्क गेलं होतं. सुप्रिया ऑफिसातून यायची होती. घर इतकं शांत की बसवेना. शेवटी मी पेटीच्या फळीची नवीन पट्टी कापली, बरणीत लावली, खुर्चीमागे ठेवून पेटवली आणि ट्यूब बंद करून समोर बसलो. तुम्ही हसाल, पण मी विचारलं. म्हटलं, आप्पा, आई बरी आहे ना?

कट्.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, गोळी घेतली का तिने? कट्. जेवली का? कट्. फोन लावा, वाट बघा, रेंज नाही, पुन्हा लावा, यापेक्षा हे किती सुटसुटीत. होता होता मी फोन करायचंच सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात आईचाच फोन आला. आवाज चढलेला. इतके दिवस फोन नाही, जिवंत आहेस की नाही, असं सगळं. मी गडबडलो आणि खरं बोलून गेलो. म्हटलं, आई, अगं रोज चौकशी करतो तुझी, आप्पांना विचारतो, ते सांगतात बरी आहे म्हणून.



"मेल्या," आई म्हणाली, "ते गेले. मी हय जिती बसलंय, माका इचार."