मॅरिएट आणि ठराव क्रमांक नऊ

मार्चच्या पहिल्या मंगळवारी ईस्ट हॅरोमधला प्रत्येक माणूस घटनातज्ज्ञ होतो. व्हरमाँटमधल्या या गावाची वार्षिक सभा त्या दिवशी असते, आणि पूल दुरुस्त करण्यापेक्षा देश वाचवणं सोपं, अशी गावाची ठाम समजूत आहे. मॅरिएट स्टॅनर्ड तेव्हा सभागृहामागच्या स्वयंपाकघरात सगळ्यांच्या जेवणाचे बीन्स ढवळत असते. कॅनडातल्या क्युबेकहून ती विशीत मेपलच्या रसाच्या हंगामाला आली, वेंडेलशी लग्न करून इथेच राहिली आणि तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. सभेत हात वर करणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांच्या लहानपणी बसमध्ये तिनेच दटावून खाली बसवलेलं होतं. पण ती ग्रीन कार्डवाली. कर भरायचा, मत द्यायचं नाही.

"मग नागरिक हो की!" असं सांगून जो तो तिचं डोकं उठवायचा.

"शपथेत जुन्या देशाशी नातं तोडलं म्हणावं लागतं," ती म्हणायची. "माझी आई आहे तिकडे. तोंडदेखलंसुद्धा म्हणणार नाही, जा."

यंदा मात्र ठराव क्रमांक नऊ होता. परदेशी रहिवाशांना निदान गावापुरतं मत देऊ द्यावं, गावाने हो म्हटलं की पुढे राज्याकडे जायचं. सह्यांसाठी मॅरिएट थंडीभर दारोदार हिंडली होती.

पण त्याआधी ठराव चार आला, राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांना लगाम घालण्याचा. मग काय विचारता! निवृत्त वकीलबाई प्रुडन्स आल्डन घटनेचं कलमन् कलम काढून बसल्या. "एकट्या माणसाने वाटेल त्याला देशाबाहेर काढायचं?" ट्रॅक्टर दुरुस्त करणारा क्लेटन पर्डी ओरडला, "निवडून आलाय तो, बाई! तुमची परवानगी घेत बसायचं का त्याने?" सकाळ अशी सरली. ठराव मंजूर झाला, वॉशिंग्टनला त्याचा पत्ताही लागणार नव्हता. मॅरिएटने दात-ओठ खात पळी आपटली.

जेवणं झाली, आणि देश वाचवलेली निम्मी मंडळी तृप्त होऊन घरी गेली. अहो, तुमचं मत आता हवं होतं!

नववा ठराव निघाला तेव्हा मॅरिएट ॲप्रनसकट दारात उभी राहिली. "मला दोन शब्द बोलायचेत."

सभेचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं वेंडेलकडे. तो नियमाचा इतका पक्का, की सभेत बायकोलाही नावाने हाक मारत नसे. "मिसेस स्टॅनर्ड मतदार नाहीत," तो म्हणाला. "सभेची परवानगी लागेल."

"स्वतःच्याच फायद्याचं बोलणार त्या, दुसरं काय?" क्लेटन म्हणाला. पुरेसे हात वर झाले नाहीत. मॅरिएट ॲप्रनला हात पुसत तिथेच उभी राहिली.

मग मतदान झालं. दोन्हीकडे सारखी मतं. सारखी झाली तरच अध्यक्षाला मत देता येतं, आणि मग त्याचंच मत निकाल ठरवतं. मॅरिएट दारातून एक पाऊल पुढे आली. वेंडेलने घसा खाकरला.

"प्रस्ताव माझ्या घरातल्या माणसाचा आहे," तो म्हणाला. "मी मत देणं शोभणार नाही. समसमान, म्हणून ठराव नामंजूर."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! प्रुडन्सबाई तर उठून उभ्या राहिल्या. "अधिकार हातात असून न वापरणारा माणूस! असा माणूस तिकडे वॉशिंग्टनात बसायला हवा!" क्लेटनलाही गहिवर आला. आता सगळ्यांना मॅरिएटचं वाईट वाटायला लागलं, आणि तिला बोलू द्यावं म्हणून झाडून सगळ्यांचे हात वर गेले.

"मिसेस स्टॅनर्ड," वेंडेल हसून म्हणाला, "बोला आता. सभेची परवानगी आहे."

मॅरिएटने ॲप्रनची गाठ सोडली. या माणसाचे मोजे आपण इतकी वर्षं रफू केले, याचाच तिला संताप आला.

"आता बोलून काय करू, वेंडेल?" ती म्हणाली. "तू हात वर केला असतास तर बोलायची गरजच नव्हती."