तुरीतली अळी आणि तळेगावचे गुलाब

मी माझं गाव, चकलांबा, सोडलं त्या सकाळी अण्णा, माझे वडील, निरोप द्यायला फाट्यापर्यंत आलेच नाहीत. हरभऱ्यात हरणं शिरली होती. दरवर्षी ते पिकाच्या कडेनं करडई लावायचे, काट्यांमुळे हरणं बाहेरच थबकायची. त्या वर्षी माझ्या लग्नाच्या धावपळीत ती लावायची राहिली. जीप आमच्या रानाजवळून गेली तेव्हा ते धोतर खोचून बांधानं पळताना दिसले. माझ्याकडे बघून एकदा हात वर केला आणि पुन्हा हरणांमागं धावले. गेवराईच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागेपर्यंत मी रडत होते. आमचे हे म्हणाले, "अगं, पीक गेल्यावर खातील काय ते?" खरंच होतं, पण तेव्हा पटलं नाही.

ह्यांना तळेगावजवळ नव्या कारखान्यात काम लागलं होतं. त्या वर्षांत तिकडे रोज काहीतरी नवं उभं राहत होतं. डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या प्लास्टिकची लांबच लांब घरं झाली होती, पॉलिहाऊस म्हणायचे. आत गुलाब. ते विमानानं परदेशी जायचे. मला तिथं खुरपणीचं काम मिळालं. पहिल्या दिवशी हसूच आलं. आमच्याकडं माणूस दिवसभर उन्हात, आणि इथं फुलांच्या डोक्यावर छप्पर!

सहा महिन्यांनी एका वाफ्यातली पानं फिकी पडायला लागली. खत कमी पडलं असेल, असं आमच्या सुपरवायझर बाईंना वाटलं. मी सवयीनं पान उलटं केलं. अण्णा लहानपणी सांगायचे, "पान वरूनच बघतो त्यो शेतकरी न्हाई माय, वाटसरू हाय." पानाखाली बारीक जाळं होतं आणि मोहरीहूनही लहान लाल ठिपके हलत होते. मी भीत भीत बाईंना दाखवलं. त्यांनी भिंग आणलं, बघितलं आणि म्हणाल्या, "लाल कोळी. तुला कुणी शिकवलं?" कीड एकाच वाफ्यात होती, तिथंच आवरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि वही दिली. रोज प्रत्येक ओळीतली दहा झाडं बघायची, किडी मोजायच्या, लिहायच्या. मोजल्याशिवाय औषधाचा पंप भरायचा नाही. हा नियम मी त्यांच्याकडून घेतला, आणि त्याबद्दल आजही त्यांची ऋणी आहे.

मग तिसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं, दत्ताचं, पत्र आलं. "अक्का, तुरीतली अळी मरंना झालीय. दोन औषधं एका पंपात कालवून मारली, तरी मरंना. मला चक्कर आली, बांधावर पडलतो. अण्णाला कळवू नको मी लिवलं म्हणून."

चार दिवसांची रजा काढून मी गेले. दत्ताचे डोळे लाल होते, हातावर फोड आले होते. अण्णा पंप धुवून पुन्हा भरायच्या तयारीत होते. मी म्हणाले, "अण्णा, आज औषध नको."

"मंग काय, आरती करायची का अळीची?" दत्ता चिडला.

आईची जुनी लुगडी मागून घेतली, तुरीच्या ओळीत अंथरली आणि झाडं हलवली. अळ्या टपाटप पडल्या. त्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. गावाकडच्यांनो, पुढचं तुमच्यासाठी नीट लिहिते. पाखरांना बसायला ठिकठिकाणी आडव्या फांदीच्या काठ्या रोवल्या आणि खाली चुरमुरे टाकले. आईनं साठवलेल्या निंबोळ्या कुटून भिजवल्या, फडक्यानं गाळल्या आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर फवारल्या. शेजारचे बांधावरून हसत होते, "पुण्याची बाई अळ्या येचायला आलीय!" तिसऱ्या दिवशी काठ्यांवर कोतवाल पक्षी आणि साळुंक्या अळ्या टिपताना दिसल्या, तेव्हा हसणं जरा थांबलं. सगळं पीक वाचलं असं नाही. आधी धरलेल्या शेंगा गेल्याच. पण वरच्या फुलांना शेंगा धरल्या, आणि दत्ता पुन्हा बांधावर पडला नाही.

अण्णांनी पंप भरला नाही, पण तीन दिवस लांबूनच बघत राहिले. चौथ्या सकाळी मी पिशवी भरत होते, तर दारात येऊन उभे राहिले. "चल तुरीत. वढ्याकडच्या पट्टीला काय करावं, आता तूच सांग."

आमच्या घरात पोरीला रानातलं कुणी कधी विचारलं नव्हतं. ओढ्यापर्यंत चालताना मी दोन्ही बाजूंची पानं उलटी करून बघत गेले.

तळेगावात आता आमच्या दोन खोल्या आहेत, मुलगी शाळेत जाते, आणि त्या फुलांनीच मला माझ्या पायावर उभं केलं. चकलांब्यात माझ्या नावावर वीतभर जमीन नाही. पण पेरणीआधी गेवराईच्या एसटीडी बूथवरून दत्ताचा फोन येतो, "अक्का, औंदा काय करू?" मी ओळीतलं अंतर सांगते, कडेच्या करडईची आठवण करून देते. मधेच अण्णा रिसीव्हर ओढून घेतात. "कवा येतीस? पीक दाखवायचंय तुला."

माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला घर कशात सापडतं ते मला ठाऊक नाही. मला माझे वडील पीक दाखवायला बोलावतात. माझ्यासाठी माहेर तेवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.