टक्कल पडलेला टायर

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

सकाळी ताडकळसहून परत येताना पाऊस लागला. मुलगा गाडी चालवत होता, मागं आमी दोघं नवरा-बायको आणि मधी नात. पिंगळीपाशी पुढचा ट्रॅक्टर अचानक थांबला. मुलानं ब्रेक दाबला, तरी गाडी साबणावरून सरकावी तशी पुढंच गेली. ट्रॉलीच्या वीतभर अलीकडं कशीबशी थांबली.

उतरून पाहिलं, तर टायर पार गुळगुळीत.

"बाबा, हवा तर कालच भरली," मुलगा म्हणाला.

"हवेला काय चाटायचंय? टक्कल पडलंय त्याला!" सौ. कडाडल्या.

दसऱ्याला याच टायरांना आमी हळदकुंकू वाहिलं, खाली लिंबू चिरडलं. पण कायद्यानं लागते ती १.६ मिलिमीटर खोल खाच तरी उरलीय का, हे कुणीच वाकून पाहिलं न्हाई.

नात अजून माझा सदरा सोडायला तयार न्हाई. तुमच्या गाडीत उद्या कोण बसणार हाय?